घरात चार वयांचे चार जण, आधी कुणाचे डोळे दाखवू?

जॉबर_साखरपेठ · २६ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. मी सोलापूरचा, साखर पेठेत राहतो. चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बंद पडला की तो पुन्हा चालू करून देणं, हे माझं काम. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठी शाळेत शिकलो. लिहिताना काही चुकलं तर समजून घ्या.

सुरुवात गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत झाली. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. परवा होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर ती हट्ट धरून बसली. बंदूक मी धरली आणि तिला सांगितलं, डावा डोळा मीट, उजव्यानं नेम बघ. तिनं बघितलं आणि म्हणाली, "नान्ना, फुगे नाहीत, नुसता रंग सांडलाय." मला वाटलं खेळतेय. मग तिनं आपणहून उजवा मिटला, डाव्यानं बघितलं आणि कोपऱ्यातला लहान पिवळा फुगासुद्धा बोटानं दाखवला. मी बंदूक परत केली आणि तिला घेऊन सरळ घरी आलो. डावा डोळा हातानं झाकून कॅलेंडरसमोर उभी केली तर पलंगापासून तारखेचा मोठा आकडासुद्धा तिला सांगता येईना. दोन्ही डोळे उघडे असले की तीच पोरगी बारीक तिथी वाचते. शाळेतून कधी तक्रार नाही, डोकं दुखत नाही, पाणी येत नाही. आठ वर्षं आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही.

त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांचा एकेक डोळा झाकून बघितला आणि घाबरलो.

अम्मा ६६ वर्षांची. चाळीस वर्षं तिनं घरी विड्या वळल्या. साखर ११ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या डोळ्यानं धुकं दिसतं म्हणते. पान कापताना पत्र्याचा साचा ती बघत नाही, बोटांनी चाचपून ठेवते. शेजारच्या बायका सांगतात, मोतीबिंदू आहे, पूर्ण पिकू दे, मग काढ. दोन वर्षं पिकायचीच वाट बघतेय.

मी ४३ चा. ताण्याची तार तुटली की फणीतून ओवताना मान मागे न्यावी लागते. नव्या पेठेतून फुटपाथवरचा तयार चष्मा घेतला. तो लावून मोबाइल वाचता येतो, पण मागावर त्याचा काही उपयोग नाही आणि संध्याकाळी कपाळ दुखतं.

आणि चौथा माझा भाचा. धाकट्या बहिणीला आठव्या महिन्यातच मुलगा झाला, ५ जानेवारीला. वजन १७०० ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत होता, आता घरी आहे. कागदावर लिहिलंय, ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, सव्वा महिना होईपर्यंत बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि एवढ्याशा जिवाच्या डोळ्यात काय बघणार? बाळ टकामका बघतं, दिव्याकडे मान वळवतं.

या महिन्यात माझ्या पगारात एकाचं नीट होईल, फार तर दोघांचं. सगळ्यात आधी कुणाला नेऊ?

डोळेतपासनीस · २६ जानेवारी, रात्री ११:५५

भाऊ, मी झोपायला निघालो होतो. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि परत बसलो.

सोलापूर जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत मी ३१ वर्षं नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. मी डॉक्टर नाही. चष्म्याचे नंबर काढणं, शाळा तपासणं, शिबिरांतून मोतीबिंदूचे रुग्ण शोधून ऑपरेशनपर्यंत पोचवणं, हे माझं काम होतं. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी बाळ. उद्याच. वयानं तो सगळ्यात लहान आहे म्हणून नव्हे, त्याच्याकडे दिवस मोजके आहेत म्हणून. ५ जानेवारीपासून ३० दिवस म्हणजे ४ फेब्रुवारी. तुमच्या हातात ९ दिवस आहेत. सव्वा महिना पाळलात तर ती तारीख निघून जाईल.

सासूबाईंना असं समजावून सांगा. पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा आईच्या पोटात मधून कडेकडे वाढत जातात, आणि पार कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधी बाहेर आलं की ती वाढ अर्धवट राहते. बाहेर आल्यावर, त्यातही ऑक्सिजन लागला असेल तर, काही बाळांत या शिरा वेड्यावाकड्या फुटतात आणि पुढे पडदाच ओढून सोडवतात. एकदा पडदा सुटला की मग दृष्टी वाचवणं फार अवघड. वेळेत कळलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं थांबवता येतं, आणि गरज लागली तर तेही दोन-तीन दिवसांतच करावं लागतं. बाहेरून डोळा चकचकीत दिसतो. बाळ दिव्याकडे बघतं, मान वळवतं. त्यावर जाऊ नका. आपल्याकडे नियम असा आहे की ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमच्या आतलं प्रत्येक बाळ ३० दिवसांत तपासायचं. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर त्याहून लवकर, दोन-तीन आठवड्यांतच. तुमचा भाचा यात सरळ बसतो.

ज्या दवाखान्यानं कागद दिला तिथंच आधी फोन करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे, त्यामुळे सिव्हिलला कागद घेऊन गेलात तर खिशाला मोठा भार पडणार नाही. एवढं मात्र विचारून घ्या की पडद्याचा डॉक्टर कोणत्या वारी बाळं बघतो. बाळाला गुंडाळून न्या, थेंब घालून बाहुली मोठी करतील, बाळ रडेल. दूध कधी पाजायचं ते तिथं विचारा, तपासणीच्या अगदी आधी पाजलं तर उलटी होते. सासूबाईंना बरोबर न्या. मी कितीतरी आज्यांना बरोबर नेऊन दाखवलंय. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की मग त्याच आज्या पुढच्या तारखा पाठ करून ठेवतात.

दुसरी तुमची अम्मा, आणि ती मोतीबिंदूसाठी नव्हे. ११ वर्षं साखर असताना पडदा एकदा तरी बघितलाय का? तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बघितला नसावा असं धरतो. पन्नाशीपुढची ही साखर सापडली की त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. साखरेनं पडद्यावरच्या बारीक शिरा झिरपायला लागतात, मधोमध सूज येते, आणि अक्षर वाचायची नजर तिथंच असते. अम्मांना जे धुकं दिसतंय ते सगळं मोतीबिंदूचंच असेल असं इथे बसून कुणी सांगू शकत नाही. पडद्याला सूज असताना मोतीबिंदू काढला तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर येत नाही. मग बायका म्हणतात, डॉक्टरनं डोळा घालवला.

आणि पिकू द्यायचं म्हणाल तर, ती जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा आख्खं भिंग काढायचे, ते पिकलेलं लागायचं. आता बारीक छेद घेऊन भिंग आतच फोडून ओढून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. जास्त पिकलं की ते दगडासारखं कडक होतं, फोडायला त्रास, आणि कधीकधी डोळ्यातला दाब एकदम चढतो. कामाला अडचण व्हायला लागली की काढायची वेळ झाली. अम्मा साचा चाचपून ठेवतात हे तुम्ही लिहिलंत, तीच अडचण. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम मोतीबिंदूचंच.

जाताना साखरेचे सगळे कागद न्या, तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट असेल तर तोही. थेंब घातल्यावर चार-पाच तास नजर धूसर राहते, म्हणून रिक्षानं जा. त्या दिवशी विड्या नकोत.

तिसरी मुलगी. तिच्यासाठी दिवस नाही, पण महिना मोजायचा. तुम्ही गड्ड्यात जे पकडलंत ते शाळेच्या तपासणीतसुद्धा निसटतं, कारण घाईत कुणी डोळा नीट झाकत नाही. पोरं बोटांच्या फटीतून बघतात. बहुतेक एका डोळ्याला मोठा नंबर आहे आणि दुसरा जवळजवळ साफ. अशा वेळी मेंदू साफ डोळ्याचंच ऐकतो आणि धूसर डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. आम्ही त्याला आळशी डोळा म्हणायचो, पण आळशी डोळा नसतो, मेंदूनं तो बाजूला टाकलेला असतो. वय जितकं लहान तितका तो लवकर परत येतो. सात-आठपर्यंत सगळ्यात चांगलं, आणि त्यापुढे बारा-तेरापर्यंतही बऱ्याच मुलांत सुधारणा होते. म्हणून आठ झाली, उशीर झाला, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मशीनवरून झटपट नंबर काढून घेऊ नका. मुलांचा नंबर थेंब घालूनच काढतात, नाहीतर त्यांचं भिंग जोर लावून नंबर लपवतं.

चौथे तुम्ही. उद्या सविस्तर लिहितो, आता झोपा. बाळाचा फोन सकाळी.

दोन_लेकरांची_आई · २७ जानेवारी, सकाळी ८:१०

दादा, बाळाला काजळ घालायला लावू नका हेही सासूबाईंना सांगा. माझ्या मोठ्याचा डोळा काजळानं चिकटून बसायचा, पू यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, बोटाची घाण आत जाते आणि काही काजळात शिसं असतं. दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावते मी आता.

आणि नऊ महिन्यांनी गोवरच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस असतो, तो चुकवू नका. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. अंगणवाडीत मिळतो. आम्ही शेवग्याचा पाला खातो ज्वारीच्या भाकरीबरोबर, तेलाची फोडणी घालून. तेलाशिवाय ते अंगी लागत नाही म्हणतात.

पंढरीची_वाट · २७ जानेवारी, सकाळी ९:२५

आमच्याकडे मोतीबिंदूला पांढऱ्या कांद्याचा रस आणि मध सकाळी एकेक थेंब घालतात. माझ्या आजोबांनी शेवटपर्यंत ऑपरेशन केलं नाही. करून बघायला हरकत नाही.

डोळेतपासनीस · २७ जानेवारी, सकाळी ११:३०

हरकत आहे, ताई किंवा दादा, रागावू नका. मोतीबिंदू डोळ्याच्या आतल्या भिंगात असतो, बाहेरचा थेंब त्याला विरघळवत नाही. कांद्यानं डोळ्यातून पाणी वाहतं, तेवढा वेळ हलकं वाटतं. पण बुबुळाला बारीक ओरखडा असला तर त्याच रसातून जंतू आत शिरतो. काढणीच्या दिवसांत ज्वारीच्या पात्यानं किंवा उसाच्या पाल्यानं डोळा चिरलेली माणसं माझ्याकडे यायची, मध, कुणाचं दूध, पाल्याचा रस, काहीबाही घालून आठव्या दिवशी. पाल्याबरोबर बुरशी जाते. बुरशीचं औषध वेगळं असतं. बुबुळावर पांढरा डाग पडला की तो आयुष्यभराचा. मंगळवेढ्याकडचा एक गडी आठवतो, तिशीतला. पाला लागल्या दिवशी आला असता तर डोळा राहिला असता. आत्ता ज्वारीची काढणी जवळ आलीय, म्हणून शेतावर जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो. पाला लागला आणि दुसऱ्या दिवशीही खुपतंय, तर घरात काही घालू नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे या.

तंबाखूच्या चुन्याची पुडीही तशीच. लहान पोरं ती दाबून बघतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना आत आत जाळत जातो. दवाखाना शोधत बसू नका, आधी नळाखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं सतत, पापणी उलटी करून, आणि मग न्या. तुमच्या घरी विड्यांचं काम आहे, तंबाखू असणार, म्हणून सांगितलं.

आता जॉबरभाऊ, तुमचं.

तुम्हाला चाळिशी लागलीय. आपल्या भाषेनं या चष्म्याला वयाचंच नाव दिलंय. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघायला ते फुगत नाही, म्हणून वस्तू लांब धरावी लागते. सगळ्यांना होतं. फुटपाथच्या चष्म्यानं डोळा बिघडत नाही, पण तो पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि दोन्ही काचांना एकच नंबर. तुमची फणी पुस्तकापेक्षा लांब आहे. एक सूत घ्या, तार ओवताना जसे उभे राहता तसे उभे राहा, डोळ्यापासून फणीपर्यंत ताणून तिथं गाठ मारा आणि ते सूत खिशात घालून नंबर काढायला जा. तपासणाऱ्याला म्हणा, मला इथलं दिसलं पाहिजे. शिवणकाम करणाऱ्या बायकांना मी कायम हेच सांगायचो. चष्म्याला खर्च समजू नका. आसामात चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांवर अभ्यास झाला होता, २०१८ साली छापून आला. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला, त्यांची पानं तोडण्याची मजल चष्मा न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तुमच्याकडे तर तार तुटली की माग थांबतो.

काच न फुटणारी घ्या, पॉलिकार्बोनेटची. मागावर आडवा धागा नेणारा धोटा उडून डोळ्यावर बसलेली माणसं मी बघितलीत.

घरकुलातली_ताई · २७ जानेवारी, दुपारी ३:०५

मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. काकांनी लिहिलंय ते वाचून माझंही लिहावंसं वाटलं.

जॉबर भाऊ, तुम्ही चष्म्याला जाणार आहात तर तिथं डोळ्याचा दाब बघून घ्या. माझी मागणी आहे ही.

माझा थोरला भाऊ गारमेंटमध्ये कटिंग मास्टर होता. उन्हाळ्यात डोळे खाजायचे, लाल व्हायचे, एमआयडीसीची धूळ. मेडिकलमधून एक थेंब घेतला, दोन दिवसांत आराम. मग दर उन्हाळ्यात तोच थेंब, मग बारा महिने. सहा वर्षं. कुणी चिठ्ठी मागितली नाही, कुणी विचारलं नाही. त्यात स्टेरॉइड होतं हे आम्हाला नंतर कळलं. पुढं तो चालताना बाजूच्या माणसांना धडकायला लागला. मोटरसायकल दोनदा डाव्या बाजूला घासली. समोरची पाटी तो स्वच्छ वाचायचा, म्हणून आम्ही त्यालाच ओरडायचो, नीट बघून चालव की ओ. कन्ना चौकात रिक्षाला धडकला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. दाब ३८. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात मधली नजर तेवढी शिल्लक, नळीतून बघितल्यासारखी. वय ४७.

एकदाही दुखलं नाही त्याला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी सांभाळायची, आयुष्यभर, रात्री न चुकता. तो सांभाळतोय. मी रोज नऊ वाजता फोन करते, थेंब घातला का.

डॉक्टरांनी आम्हा सगळ्या भावंडांना बोलावलं. त्याच्यात थेंबांचा वाटा मोठा, पण हा आजार घराण्यातही चालतो. माझा दाब ठीक निघाला, धाकट्याचा वाढलेला निघाला. त्याला काहीच त्रास नव्हता. त्याचे डोळे वाचले ते थोरल्यामुळं.

मोहोळचा_मास्तर · २७ जानेवारी, रात्री ९:२०

ताई, वाचून गलबललो. उद्या मी माझा दाब बघून घेतो, ५१ चा झालोय.

जॉबरभाऊ, शाळेतून तक्रार आली नाही असं तुम्ही लिहिलंत. ती चूक आमचीही आहे. मी पंचवीस वर्षं वर्गात आहे. फळ्याजवळ येऊन उतरवणारं पोर आम्हाला दिसतं, पण एका डोळ्यावर चालणारं पोर दिसत नाही. उद्या मी माझ्या वर्गात पुठ्ठ्यानं एकेक डोळा झाकून सगळ्यांकडून फळा वाचून घेणार आहे. ४४ मुलं आहेत, दोन तासिका लागतील.

दुसरी गोष्ट, लांबचं न दिसणारी मुलं आता पाचवीतच जास्त दिसू लागलीत. मुलं रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात असतील तर हा नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासातून निघालंय. पालक म्हणतात, सोलापूरच्या मे महिन्यात ४३ डिग्रीत पोर बाहेर कसं सोडायचं? उन्हात सोडायची गरज नाही. घरातल्या दिव्यापेक्षा लिंबाच्या सावलीतही कितीतरी पट उजेड असतो. सकाळी शाळेआधी एक तास आणि सूर्य कलल्यावर एक तास. आमच्या शाळेच्या पिंपळाखाली आम्ही पाढे घेतो, त्यातच निम्मा वेळ भरतो.

जॉबर_साखरपेठ · १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांना नमस्कार. उशिरा लिहितोय, रोज कुणाला तरी घेऊन दवाखान्यात होतो.

बाळाला ३० तारखेला नेलं. सासूबाई आल्या. आधी दोन दिवस बोलत नव्हत्या. काकांनी लिहिलेलं मी त्यांना तेलुगूत वाचून दाखवलं, शिरा कडेपर्यंत पोचत नाहीत ते सगळं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, रिक्षाला पडदा आहे का, वारा लागेल. डॉक्टरांनी सांगितलं, आजार पहिल्या टप्प्यात आहे, आत्ता काही करायचं नाही, पण दोन आठवड्यांनी पुन्हा. १३ ला जायचंय, उद्याच. सव्वा महिना पाळून थांबलो असतो तर आत्ता कुठं पहिल्यांदा निघालो असतो. सासूबाईंनी तारीख देव्हाऱ्याशेजारी खडूनं लिहिलीय.

अम्माचं सांगताना हात थांबतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच, पण पडद्याला सूजही आहे. आणि ज्या डाव्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही, त्याच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके निघाले. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.८, बरीच वाढलेली. इंजेक्शन डोळ्यात देणार म्हटल्यावर ती उठून निघाली होती. तिथल्या एका नर्सबाईंनी तेलुगूत समजावलं, डोळा सुन्न करतात, टोचलेलं कळतही नाही. पहिलं झालं. दर महिन्याला, निदान तीन. सूज उतरली की मोतीबिंदू काढायचा. ११ वर्षं मी तिच्या गोळ्या आणून देत होतो. गोळ्या आणल्या म्हणजे झालं असं मला वाटत होतं. भाताची वाटी तिनं आता स्वतः लहान केलीय, आणि रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघं जोडबसवण्णा चौकापर्यंत चालत जातो.

मुलीच्या उजव्या डोळ्याला अधिक (प्लस) साडेचार नंबर निघाला, डाव्याला अधिक अर्धा. चष्मा लावून पहिल्या दिवशी म्हणाली, जमीन वर आलीय. आता सवय होतेय. सात-आठ आठवडे नुसता चष्मा, मग बघून डाव्या डोळ्यावर पट्टी, रोज काही तास. काका, पट्टी शाळेत नको, घरी असताना लावू असं ठरवलंय, चालेल का? शाळेत पोरं चिडवतील म्हणून ती आत्तापासून रडतेय.

सूत नेलं होतं. नंबर काढणाऱ्या बाईंनी ते गाठीपर्यंत धरून पट्टीनं मोजलं, ६२ सेंटिमीटर भरलं. नवा चष्मा आला, काच काकांनी सांगितली तीच. पहिल्या दिवशी फणीतल्या फटी एकेक वेगळ्या दिसल्या. किती वर्षं मी अंदाजानं ओवत होतो!

घरकुलातल्या ताई, तुम्ही सांगितलं म्हणून दाब बघितला. उजव्याचा १८, डाव्याचा २४, म्हणजे वाढलेला. मंगळवारी फिल्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजायची तपासणी, सांगितलीय. माझे वडील शेवटची काही वर्षं कडेच्या भिंतीला खांदा घासून चालायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण आहे. ते आता आठवतंय.

घरकुलातली_ताई · १२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

भाऊ, २४ म्हणजे वेळेवर कळलंय. वडिलांचं डॉक्टरांना नक्की सांगा, घराण्याची माहिती ते लिहून घेतात. तुमच्या भावंडांनाही घेऊन जा. मंगळवारी दुपारपर्यंत माझी सुट्टी आहे, बरोबर कुणी हवं असेल तर कळवा.

डोळेतपासनीस · १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

पट्टी घरी चालते, डॉक्टरांनी सांगितलेले तास पूर्ण झाले म्हणजे झालं. पट्टी लावून टीव्हीसमोर बसवण्यापेक्षा जवळचं काम द्या. मणी ओवणं, चित्र रंगवणं, तांदूळ निवडणं. अम्मांजवळ बसवून शेंगा सोलायला द्या. पट्टी डोळ्यावर चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नव्हे, नाहीतर ती वरून बघेल. आणि शाळेत बाईंना आधीच भेटून या.

तुमच्या फिल्ड टेस्टबद्दल. आदल्या रात्री पाळी असेल तर बदलून घ्या, झोप पुरी हवी. एक डोळा झाकतील, समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. उजेड शोधायला नजर फिरवू नका. बरेच उजेड इतके पुसट असतात की चांगल्या डोळ्यालाही दिसत नाहीत, मशीन ते मुद्दाम दाखवतं. काही सुटले म्हणून घाबरून उगाच बटण दाबू नका. पहिली टेस्ट बऱ्याच जणांची नीट येत नाही, पुन्हा करायला सांगितलं तर करा. एका दाबावरून काचबिंदू आहे असं ठरत नाही. मागची नस बघतील, बुबुळाची जाडी मोजतील, मग सांगतील.

आज बाळाची तारीख आहे. किती वाजता निघताय?

जॉबर_साखरपेठ · १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

साडेनऊला काका. सासूबाई मघापासून तयार होऊन बसल्यात.